‘विनंती केल्यास उपलब्ध’ हे वाक्य आता पुरे : जीनोमची माहिती राखून ठेवणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
जीनोम संशोधन संस्थांचे संचालक, निधी देणारी मंडळे आणि विज्ञान-नियतकालिकांचे संपादक यांस

सप्रेम नमस्कार.

‘या अभ्यासातील माहिती विनंती केल्यास लेखकांकडून उपलब्ध होईल.’ शोधनिबंध संपत आला की बारीक टायपात हे वाक्य येते. आपल्यापैकी कोणी ते लिहिता, कोणी मंजूर करता, कोणी छापता. पैसा लोकांचा असतो, नमुने लोकांच्या शरीरातून आलेले असतात आणि त्या कामाचा सगळा कच्चा माल या एका वाक्याआड दिसेनासा होतो. वर्षानुवर्षे हे पाहून आता गप्प बसवत नाही.

आम्ही रोज जनुकक्रमांवर, म्हणजे डीएनएच्या अक्षरांच्या क्रमांवर, काम करतो; एका जीवाचा असा सबंध डीएनए म्हणजे त्याचा जीनोम. एखाद्या रुग्णाच्या जनुकात सापडलेला बदल घातक आहे की निरुपद्रवी, हे सांगायचे तर तोच बदल आणखी कोणात दिसला आणि त्यांचे पुढे काय झाले, ते पाहावे लागते. ती माहिती कोणा एका प्रयोगशाळेकडे कधीच पुरेशी नसते. दुसऱ्याने वाचलेला क्रम हाती आला नाही, तर अहवालावर ‘अर्थ अनिश्चित’ असे लिहून पाठवण्यापलीकडे काही उरत नाही. ते दोन शब्द ज्याच्या हाती पडतात, त्याने शस्त्रक्रिया करून घ्यायची की थांबायचे? आमचा या प्रकरणाशी संबंध तो हा.

मानवी जीनोम वाचण्याच्या सार्वजनिक प्रकल्पातले ब्रिटनचे अग्रणी जीवशास्त्रज्ञ जॉन सल्स्टन ६ मार्च २०१८ रोजी गेले. जीनोमवरच्या भाषणांत त्यांचे नाव आपण सगळेच आदराने घेता. म्हणून त्यांच्याच कामाचा धागा धरून लिहितो आहोत. ते काम तपशिलात आठवले, तर आमच्या मागण्या वेगळ्या पटवून द्याव्या लागणार नाहीत.

सल्स्टन यांचा जन्म २७ मार्च १९४२ चा. वडील अँग्लिकन धर्मगुरू, आई इंग्रजीची शिक्षिका. केंब्रिजच्या पेंब्रोक कॉलेजातून १९६३ मध्ये पदवी, १९६६ मध्ये न्यूक्लिओटाइडच्या रसायनशास्त्रात पीएचडी, मग कॅलिफोर्नियातल्या सॉल्क संस्थेत लेस्ली ऑर्गेल यांच्याकडे काम. १९६९ मध्ये केंब्रिजला परतून ते सिडनी ब्रेनर यांच्या गटात आले. ब्रेनर यांनी सीनोरॅब्डायटिस एलेगन्स हा जेमतेम एक मिलिमीटर लांबीचा, आरपार दिसणारा सूत्रकृमी अभ्यासाला घेतला होता.

तिथे त्यांनी केलेल्या सुरुवातीच्या कामांपैकी एकाकडे कोणाचे फारसे लक्ष जात नाही. कृमी गोठवून ठेवायचे आणि हवे तेव्हा पुन्हा जिवंत करायचे, ही रीत त्यांनी बसवली. भरपेट प्रौढ कृमी गोठवले तर मरतात. अन्न नुकतेच संपलेल्या बशीतल्या पहिल्या-दुसऱ्या अवस्थेतल्या अळ्या तगतात. आजही प्रयोगशाळांत त्या सुमारे १५ टक्के ग्लिसरॉलच्या द्रावात घेतात, मिनिटाला साधारण एक अंश या गतीने उणे ८० पर्यंत उतरवतात आणि मग द्रव नायट्रोजनमध्ये ठेवतात. तापमान एकदम उतरवले तर पेशींच्या आत बर्फाचे स्फटिक होतात आणि नळी वितळवल्यावर काहीच हलत नाही. या रीतीमुळे एकदा सापडलेले उत्परिवर्ती वाण कायमचे टिकू लागले आणि मागेल त्याला पाठवता येऊ लागले. वाण मागितले की मिळते, ही सवय सूत्रकृमीवर काम करणाऱ्यांना तेव्हापासूनची. १९७५ पासून ही मंडळी आपले अप्रकाशित निष्कर्षही एका साध्या वार्तापत्रातून एकमेकांना कळवत होती.

पुढचे काम पेशींच्या वंशावळीचे. काचपट्टीवर आगरचा पातळ थर द्यायचा, त्यावर अंडे ठेवायचे, वर झाकणकाच ठेवून कडा बंद करायच्या आणि नोमार्स्की पद्धतीच्या सूक्ष्मदर्शकातून पाहायचे. या पद्धतीत रंग द्यावा लागत नाही. जिवंत पेशींची केंद्रके उठावदार खळग्यांसारखी दिसतात. अंडे मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढे. त्यात केंद्रके एकावर एक, वेगवेगळ्या खोलीवर, त्यामुळे बोट सतत फोकसच्या चाकावर. एक पेशी दुभंगली की तिच्या दोन लेकींच्या जागा कागदावर मांडायच्या आणि पुन्हा डोळा लावायचा. नजर हटली आणि तेवढ्यात विभाजन होऊन गेले, तर कोणती लेक कुठली ते सांगता येत नाही. दुसरे अंडे घेऊन पहिल्यापासून बसावे लागते. एका अंड्यात सगळ्या पेशींवर नजर ठेवणे माणसाला शक्य नाही, म्हणून एका वेळी मोजक्याच पेशींचा माग घ्यायचा आणि उरलेल्यांसाठी पुढची अंडी. प्रत्येक कृमीत विभाजने त्याच क्रमाने होतात, म्हणूनच हे तुकडे जोडता येतात. शिवाय अर्ध्या वाटेवर गर्भ वळवळू लागतो आणि मग काहीच धड दिसत नाही. बहुतेक विभाजने त्याआधी उरकलेली असतात, एवढेच नशीब. सल्स्टन रोज चार-चार तासांच्या दोन बैठका मारत दीड वर्ष हे पाहत होते.

अंड्यातून बाहेर आल्यानंतरची वंशावळ रॉबर्ट हॉर्विट्झ यांच्यासह १९७७ मध्ये प्रसिद्ध झाली होती. गर्भाची १९८३ मध्ये आली. उभयलिंगी कृमीत बीजपेशी सोडून १,०९० पेशी तयार होतात, त्यांतल्या १३१ ठरलेल्या वेळी मरतात आणि ९५९ उरतात. ठरवून मरणाऱ्या या पेशींमागची जनुके पुढे हॉर्विट्झ यांच्या प्रयोगशाळेने शोधली. २००२ चे नोबेल ब्रेनर, हॉर्विट्झ आणि सल्स्टन यांना याच कामासाठी मिळाले. मानवी जीनोमसाठी नव्हे, हा फरक पुष्कळदा विसरला जातो.

आम्हाला यातली एक गोष्ट आपल्यापुढे ठेवायची आहे. १९८३ च्या त्या निबंधात निष्कर्षाबरोबर पेशी अन् पेशी छापली आहे: नाव, आई कोण, पुढे काय झाले. चेतापेशींची जनुके शोधणाऱ्याने ती वंशावळ वापरली, स्नायूंवर काम करणाऱ्यानेही वापरली. कोणाला सल्स्टन यांना पत्र लिहून ‘विनंती’ करावी लागली नाही.

त्यानंतर त्यांनी ॲलन कोल्सन यांना सोबत घेऊन कृमीच्या सबंध डीएनएचा नकाशा करायला घेतला. डीएनएचे सुमारे ४० हजार अक्षरांचे तुकडे कॉस्मिड या वाहक डीएनएमध्ये घालून जिवाणूंत वाढवायचे. प्रत्येक तुकडा एका विकराने कापायचा, कापलेल्या टोकांना किरणोत्सारी खूण लावायची, दुसऱ्या विकराने आणखी बारीक कापायचे आणि जेलवर पळवायचे. फिल्मवर पट्ट्यांची जी ओळ उमटते ती त्या तुकड्याची बोटखूण. दोन तुकड्यांच्या पुरेशा पट्ट्या जुळल्या की ते एकमेकांवर चढलेले आहेत असे समजायचे आणि संगणकाने साखळी पुढे न्यायची. घोडे अडले ते फटींपाशी. जीनोमचा काही भाग जिवाणूंत वाढतच नाही, त्यामुळे साखळ्या शेकडोंनी झाल्या पण एकमेकींना जोडेनात. रॉबर्ट वॉटरस्टन यांच्या सेंट लुइसच्या गटाने यीस्टमध्ये वाढवलेले त्याहून कितीतरी लांब तुकडे आणले, तेव्हा त्या फटींवर पूल पडले.

नकाशा चालू असतानाच तो वाटलाही जात होता. नकाशातले शेकडो यीस्ट-तुकडे ठिपक्यांसारखे मांडलेली एक पटल-जाळी मागेल त्या प्रयोगशाळेला पाठवली जाई. आपल्या जनुकाचा तुकडा तिच्यावर टाकला की कोणता ठिपका उजळतो त्यावरून जनुकाचा पत्ता कळे. तो पत्ता लोक केंब्रिजला परत कळवत आणि नकाशा आणखी नेमका होई. वाटल्यामुळे नकाशा सुधारला. राखून ठेवला असता तर त्यातल्या चुकाही राखल्या गेल्या असत्या.

सल्स्टन आणि वॉटरस्टन यांनी १९९० मध्ये कृमीचा क्रम वाचायला घेतला. दोन वर्षांत एका व्यावसायिकाने दोघांना खासगी कंपनीत नेण्याचा प्रस्ताव मांडला. ते गेले नाहीत. वेलकम ट्रस्टने मोठा निधी दिला, केंब्रिजजवळ हिंक्स्टन इथे सँगर सेंटर उभे राहिले, १९९३ मध्ये फ्रेडरिक सँगर यांनीच त्याचे उद्घाटन केले आणि सल्स्टन २००० पर्यंत त्याचे संचालक होते.

फेब्रुवारी १९९६ मध्ये मानवी जीनोमवर काम करणारी प्रमुख मंडळी बर्म्युडा बेटावर जमली. तिथे ठरले ते थोडक्यात असे: १ हजारापेक्षा जास्त अक्षरांचा जुळलेला क्रम आपोआप, शक्यतो २४ तासांत, जाहीर करायचा, पूर्ण झालेला क्रम ताबडतोब सार्वजनिक संग्रहात द्यायचा, सबंध क्रम सर्वांना खुला राहील हे ध्येय धरायचे. हे मुद्दे फळ्यावर लिहिणारा हात सल्स्टन यांचा. वॉटरस्टन यांचा वाटा यात तितकाच होता, आणि मागे सूत्रकृमीवाल्यांची वीस वर्षांची सवय होती.

डिसेंबर १९९८ मध्ये कृमीचा जीनोम प्रसिद्ध झाला. सुमारे ९ कोटी ७० लाख अक्षरे, १९ हजारांहून अधिक जनुके. बहुपेशीय प्राण्याचा हा पहिलाच. त्याच वर्षी मे महिन्यात मानवी जीनोम तीन वर्षांत वाचण्याची घोषणा करत क्रेग व्हेंटर यांची कंपनी, सेलेरा, मैदानात उतरली होती. फेब्रुवारी २००१ मध्ये दोन्ही मसुदे छापून आले. सार्वजनिक प्रकल्पाचा क्रम कोणीही पूर्ण उतरवून घेऊ शकत होता. सेलेराचा क्रम सार्वजनिक संग्रहात नव्हताच. कंपनीच्या संकेतस्थळावरून आठवड्याला १० लाख अक्षरे, त्याहून जास्त हवी तर पुढे न वाटण्याच्या करारावर सही. मानवी जीनोम सुमारे ३०० कोटी अक्षरांचा. सही न करता तो उतरवायला ५७ वर्षांहून अधिक लागली असती. आणि संपादक महोदय, ही सवलत एका प्रतिष्ठित नियतकालिकाने स्वतःचा नियम वाकवून दिली होती. तिचा परिणाम पुढे मोजला गेला. अर्थतज्ज्ञ हायडी विल्यम्स यांनी २०१३ मध्ये दाखवले की जी जनुके काही काळ सेलेराच्या बंधनात होती, त्यांच्यावरचे नंतरचे संशोधन आणि त्यातून निघणाऱ्या चाचण्या २० ते ३० टक्क्यांनी कमी झाल्या. सार्वजनिक प्रकल्पाने तीच जनुके पुन्हा वाचून खुली केली होती, तरीही.

इतके सगळे घडून गेल्यावर आज आपल्याकडे काय चालते, ते आता सांगतो.

पहिली तक्रार त्या वाक्याचीच. विनंती कोणाला करायची? निबंधावर ज्याचा पत्ता असतो तो बहुधा मुदतीच्या नोकरीवरचा संशोधक. नोकरी संपते, संस्थेचा मेल बंद होतो, हार्ड डिस्क कपाटात राहते. १९९१ ते २०११ या काळातल्या ५१६ निबंधांची तपासणी झाली तेव्हा दिसले की निबंध जुना होईल तशी माहिती मिळण्याची संभाव्यता दरवर्षी १७ टक्क्यांनी घसरते. २०२२ मध्ये वैद्यकीय व जैविक निबंधांची मोठी पडताळणी प्रसिद्ध झाली. माहिती द्यायला तयार आहोत असे छापील लिहून दिलेल्या सुमारे १,८०० निबंधांच्या लेखकांना पत्रे गेली. ९३ टक्के जणांनी उत्तर दिले नाही किंवा नकार दिला. आपण छापता ते आश्वासन शंभरातले सात जण पाळतात.

दुसरी तक्रार अधिक खोल आहे, कारण इथे माहिती दिल्यासारखी वाटते. जुळवलेला, तयार क्रम संग्रहात असतो. कच्चे रीड्स, म्हणजे यंत्राने वाचलेले मूळ छोटे तुकडे, नसतात. एक उदाहरण घ्या. एका जनुकात सलग सात ‘ए’ आहेत आणि आपल्या क्रमात सहाच दिसतात. एक अक्षर गळले की त्यापुढची तिअक्षरी वाचनचौकट सरकते आणि प्रथिन अर्धवट राहते. हा खरा बदल की यंत्राची चूक? एकाच अक्षराची लांब ओळ आली की काही यंत्रे हमखास चुकतात. कच्चे रीड्स असतील तर दोन मिनिटांत कळते: त्या जागेवर ४० रीड्स आहेत, ३८ सात म्हणतात, दोन सहा म्हणतात, तर ती चूक. वीस-वीस असतील तर दोन प्रतींपैकी एकीत खरोखर बदल असण्याची दाट शक्यता. प्रत्येक अक्षरासोबत गुणवत्तेचा आकडा येतो. २० म्हणजे शंभरात एक चुकण्याची शक्यता, ३० म्हणजे हजारात एक. तयार क्रमात यातले काही उरत नाही. तुम्ही निकाल देता आणि पुरावा ठेवून घेता.

तिसरी तक्रार नमुन्याच्या माहितीची. संग्रहात फाइल आहे, पण नमुना कोणत्या ऊतीचा, कधी व कुठे घेतलेला, लायब्ररी (वाचनासाठी तयार केलेला डीएनए) कोणत्या किटने केली, कोणत्या यंत्रावर वाचली, हे रकाने रिकामे. निबंधात ‘रुग्ण ७’, संग्रहात ‘एस०१२’, दोन्ही जोडणारा तक्ता कुठेच नाही. बदलांच्या यादीत गुणसूत्र आणि जागेचा आकडा आहे, पण तो २००९ च्या संदर्भ-जीनोमवरचा (तुलनेसाठी वापरायच्या प्रमाण क्रमावरचा) की २०१३ च्या, ते लिहिलेले नाही. दोन्हींत त्याच आकड्यावर वेगळे अक्षर असू शकते. अशी यादी नसलेली परवडते, कारण ती वापरणारा चुकतो आणि त्याला ते कळतही नाही.

चौथी, यादी एक्सेलमध्ये जोडण्याची. ‘मार्च१’ या जनुकाचे नाव उघडताच १ मार्च ही तारीख होते. ‘मार्क१’ हे वेगळे जनुकही १ मार्चच होते, आणि एकदा फाइल साठवली की कोणते कोणते होते ते परत काढता येत नाही. २०१६ च्या एका तपासणीत जनुकांच्या एक्सेल याद्या जोडलेल्या निबंधांपैकी सुमारे एक-पंचमांशांत असे बिघाड सापडले. २०२० मध्ये नामकरण समितीने शेवटी जनुकांचीच नावे बदलली. जुन्या फाइली मात्र तशाच पडून आहेत. हे साध्या मजकुराच्या फाइलीने टळते.

पाचवी तक्रार थोडक्यात. ॲक्सेशन क्रमांक, म्हणजे संग्रहातल्या नोंदीचा क्रमांक, छापलेला असतो, संग्रहात टाकल्यावर ‘अशी नोंद नाही’ येते. माहिती जमा करताना ‘प्रसिद्धीपर्यंत गुप्त’ हा पर्याय निवडलेला, निबंध छापून आला, कुलूप काढायला कोणाला आठवले नाही.

आणि एक तक्रार कंपन्यांच्या चाचणी-विभागांची. स्तनाच्या कर्करोगाशी जोडलेल्या बीआरसीए जनुकांवरची पेटंटे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १३ जून २०१३ रोजी मोडीत काढली. निसर्गात आहे तसा डीएनए कोणाच्या मालकीचा नाही असा निकाल दिला. पण कोणता बदल घातक, याची पेटंटच्या काळात साठलेली माहिती निकालाने खुली होत नाही. अहवालावरच्या ‘अर्थ अनिश्चित’ या दोन शब्दांमागे अशी कपाटे आहेत. ज्या मंडळांचा पैसा अशा भागीदारीत जातो, त्यांना आम्ही हे विचारतो आहोत: करार करताना या कलमावर आपण सही का करता?

आपली बाजूही आम्ही ऐकली आहे. माहिती आधी खुली केली तर दुसराच कोणी निबंध छापेल, ही भीती तरुण संशोधकाची असते आणि ती खरी आहे. तिचे उत्तर जानेवारी २००३ मध्ये फोर्ट लॉडरडेलच्या बैठकीत दिले गेले आहे: क्रम लगेच खुला करायचा, पण सबंध जीनोमचे पहिले विश्लेषण छापण्याचा मान क्रम वाचणाऱ्यांचा, आणि वापरणाऱ्यांनी तो राखायचा. हा मान राखला जातो की नाही ते पाहणे संपादकांच्या हातात आहे. कृमीचा क्रम प्रसिद्ध होण्याआधी कित्येक वर्षे तुकड्यातुकड्याने सर्वांना दिसत होता; १९९८ चा निबंध त्यामुळे कोणी हिरावून नेला नाही.

माणसांच्या जीनोमची गोष्ट वेगळी, हेही मान्य. नाव काढले तरी जीनोमवरून माणूस ओळखता येतो. त्यासाठी नियंत्रित प्रवेशाचे संग्रह आहेत: अर्ज करायचा, समिती पाहते, परवानगी देते. आमचा आक्षेप समितीला नाही. अर्ज महिनोन्‌महिने पडून राहतो आणि समिती म्हणजे त्याच निबंधाचे दोन लेखक असतात, त्याला आहे. आणि संमतीपत्रात ‘फक्त या अभ्यासापुरते’ असे छापून घेतल्यावर पुढे काहीच करता येत नाही. ते वाक्य बहुतेक वेळा रुग्णाने मागितलेले नसते, आपल्या कार्यालयाने घातलेले असते.

फाइली फार मोठ्या, ही सबब मात्र मान्य नाही. एका माणसाचा जीनोम तीसपट खोलीने, म्हणजे प्रत्येक अक्षर सरासरी तीस वेळा, वाचला तर रीड्स शंभर गिगाबाइटच्या आसपास जातात. अमेरिका, युरोप आणि जपान इथले तिन्ही सार्वजनिक संग्रह त्या विनामूल्य ठेवतात आणि आपसांत माहितीची देवाणघेवाण करतात. चढवताना फाइल तुटते ही खरी अडचण. त्यासाठी चढवण्याआधी एमडी५ बेरीज (फाइलीतल्या मजकुरावरून निघणारी ओळखखूण) काढून ठेवावी आणि पोचल्यावर ताडून पाहावी.

वेळेचे मोल काय असते ते ११ जानेवारी २०२० ने दाखवले. नव्या करोना विषाणूचा सुमारे ३० हजार अक्षरांचा क्रम त्या दिवशी झांग योंगझेन यांच्या गटाच्या वतीने एडवर्ड होम्स यांनी सर्वांसाठी खुला केला. त्यावरून बेतलेल्या लशीची पहिली मात्रा १६ मार्चला चाचणीतल्या स्वयंसेवकाला दिली गेली. मधले दिवस ६५.

आमच्या मागण्या अशा.

संपादकांकडे: ‘विनंती केल्यास उपलब्ध’ हे वाक्य जनुकक्रमांच्या बाबतीत स्वीकारू नका. ॲक्सेशन क्रमांकाशिवाय निबंध परीक्षणाला पाठवू नका, आणि परीक्षकाला कच्चे रीड्स उघडून पाहता येतील अशी सोय करा. निबंध प्रसिद्ध होण्याच्या दिवशी नोंद खुली झाली का, हे आपल्या कार्यालयातल्या माणसाने पाहावे. ते लेखकाच्या आठवणीवर सोडू नये. जनुकांच्या याद्या साध्या मजकुराच्या फाइलीत घ्या आणि संदर्भ-जीनोमची आवृत्ती लिहिल्याशिवाय जागेचे आकडे छापू नका.

निधी देणाऱ्यांकडे: जिवाणू, विषाणू, वनस्पती, प्राणी यांचे रीड्स गुणवत्ता-तपासणी झाल्यापासून सात दिवसांत संग्रहात गेले पाहिजेत, अशी अट मंजुरीपत्रातच घाला. साथीच्या रोगजंतूंना बर्म्युडाचे २४ तास लावा. अनुदानाचा शेवटचा हप्ता माहिती जमा झाल्याची खात्री करूनच सोडा. नमुन्यांचे तक्ते भरायला, फाइली तपासायला पगारी माणूस लागतो. त्याचा पगार अनुदानात वेगळा धरा. हे काम रात्री उरकायला लावलेल्या विद्यार्थ्याकडून नीट होत नाही, दोष त्याचा नसतो.

संचालकांकडे: मानवी माहितीच्या अर्जांसाठी लेखकांपासून स्वतंत्र समिती नेमा, निर्णय ३० दिवसांत द्या, नकार दिला तर कारण लेखी द्या. संपर्काचा पत्ता व्यक्तीचा नको, कार्यालयाचा ठेवा. तुमच्या चाचणी-विभागात सापडलेला प्रत्येक बदल आणि त्याचा लावलेला अर्थ, रुग्णाची ओळख वगळून, क्लिनव्हारसारख्या खुल्या संग्रहात दर तीन महिन्यांनी जमा करा. नव्या संमतीपत्रांत पुढील संशोधनाला परवानगी देण्याचा किंवा नाकारण्याचा पर्याय रुग्णाला स्पष्ट द्या, आणि त्याने जे निवडले तेच पाळा.

सुरुवात या आठवड्यात होऊ शकते. आपल्या संस्थेचे, आपल्या निधीतले किंवा आपल्या नियतकालिकातले शेवटचे दहा निबंध काढा. प्रत्येकातला क्रमांक संग्रहात टाकून पाहा. नोंद उघडते का? कच्चे रीड्स आहेत का? नमुन्यांची नावे निबंधाशी जुळतात का? संदर्भ-जीनोमची आवृत्ती लिहिली आहे का? एका निबंधाला वीस मिनिटे लागतात. दहांपैकी किती उत्तीर्ण झाले तो आकडा आपल्या संकेतस्थळावर जाहीर करा, आणि जे झाले नाहीत त्यांची दुरुस्ती कोणत्या तारखेपर्यंत होईल तेही लिहा. आम्ही ती तारीख पाहू.

आपले,
जनुकक्रमांवर रोज काम करणारे काही जण